आतून मारलेली गाठ

१

मी गाड्यांच्या सीट शिवते आणि मला स्वतःला एका जागी बसवत नाही. आमच्या हार्लो गावातला हा जुना विनोद आहे. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकाच्या टोकाला असते, कारण प्रवचन संपेपर्यंत दोनदा तरी बाहेर जाऊन येते. जेवतेसुद्धा ओट्याशी उभ्याने. आई म्हणायची, ट्वायलाच्या बुडाखाली कुणीतरी मुंग्या सोडल्यात. आई गेली, मुंग्या राहिल्या.

अंगणापलीकडे माझा धाकटा भाऊ डेलबर्ट राहतो. दोन घरांच्या मधे त्याची पत्र्याची शेड. डेलने उभं आयुष्य टायरच्या दुकानात दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं सरळ करण्यात घालवलं. निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये शिरला तो कार्डिनल बांधायला, टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतली गाडी.

ज्यांनी ती मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही शाळेत असताना दर शुक्रवारी संध्याकाळी ती टीव्हीवर यायची. जनावरांचा एक तरणाबांड डॉक्टर, इथल्याच जॉर्जियाच्या डोंगरातला. कुणाची गाय अडली की हा लाल गाडी घेऊन सुसाट निघायचा, मागे लाचखाऊ शेरीफ लागायचा, आणि वाटेतला पूल तुटलेला असायचाच. मग गाडी उडायची. लाल रंग आणि तोंडाशी काळा पट्टा, परसातल्या कार्डिनल पक्ष्याला असतो तसा. उजवीकडचं, म्हणजे चालकाशेजारचं दार मोडकं, म्हणून दोरीने बांधलेलं. पहिल्या भागात ते खरंच मोडलं होतं म्हणतात. लोकांना आवडलं, म्हणून शेवटपर्यंत तसंच ठेवलं.

दर उडीला एक गाडी मोडीत जायची. त्यामुळे मूळची धड गाडी आज कुठे नाही, आणि म्हणूनच डेलसारखे लोक हुबेहूब नकला बांधतात. त्यांचा क्लब आहे, वार्षिक मेळावा आहे, भांडणं आहेत. आरशाचा स्क्रू चपटा होता की गोल, यावरून दोन सख्खे साडू बोलेनासे झालेत. आणि काहीही वेडंवाकडं दिसलं की त्यांचं एक ब्रह्मवाक्य आहे: मुळात तसंच होतं. पुढचं काही विचारायचं नाही.

त्यांचा सर्वांत लाडका प्रश्न त्या दोरीचा. दोरी दाराच्या हँडलमधून आत येते आणि सीटमागच्या खांबाला बांधलेली असते. गाठ आतल्या बाजूला. पडद्यावर स्वच्छ दिसते. डॉक्टर तर कायम एकटा, डावीकडून चढतो, डावीकडून उतरतो. मग आतली गाठ कोण मारतं? क्लबच्या शर्टांवर हाच प्रश्न छापलेला असतो आणि लोक तो घालून हसत फिरतात. उत्तर साधं आहे, चित्रीकरणाच्या वेळी कुणीतरी मारत असेल. डेलही तसंच करायचा. उजव्या सीटवर बसून गाठ मारायची आणि मग पोट आवळून, शिव्या घालत, चालकाच्या बाजूने सरपटत बाहेर यायचं. मी ते बघायला मुद्दाम जायची.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. एक गोष्ट मात्र तशी नेता येत नव्हती. यंदाच्या मेळाव्यात डेल ती गाडी मालिकेतल्यासारखी उडवणार होता, स्वतः आत बसून.

२

या लोकांचा आणखी एक रिवाज आहे. नक्कल कितीही चांगली असली तरी तिच्यात मूळच्या एखाद्या गाडीचा एक तरी तुकडा हवा. एखादा नट चालेल, काचेचा कपचा चालेल. त्याला ते ‘हाड’ म्हणतात. हाड नसेल तर ती गाडी नाही, नुसता रंग.

डेलला उन्हाळ्याच्या सुरुवातीला हाड मिळालं, आणि तेही केवढं! उजव्या सीटचा अख्खा सांगाडा. कुणा भंगारवाल्याच्या मागच्या आवारात झुडपात पडला होता. डेल तो पोरासारखा छातीशी धरून माझ्या कामाच्या खोलीत आला.

“ट्वायला, याला हात लावण्याआधी हात धू.”

“गंज तुझ्या सांगाड्याला लागलाय, माझ्या हातांना नाही.”

“चेष्टा नको. सगळं मुळाबरहुकूम पाहिजे. तोच काळा रेक्झीन, तीच शिवण.”

मी जुन्या स्प्रिंगा काढल्या. त्या पार चेपलेल्या होत्या. मला नवल वाटलं, कारण उड्यांच्या गाड्यांत उजवीकडे कुणी बसतच नसे. मग म्हटलं, झुडपात पडली होती, काय काय ठेवलं असेल तिच्यावर. नव्या स्प्रिंगा घातल्या, घट्ट फोम घातला, रेक्झीन इतका ताणून बसवला की बोट मारलं तर टणकन आवाज यावा. सीट शिवणारीला एक गोष्ट डोळे मिटून कळते, आपली सीट माणसाला किती आत घेईल. ही फार घेणार नव्हती.

सीट बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन शेडमध्ये गेले, तर सीटवर खळगा. नवा फोम कुणी उठल्यावर हळूहळू वर येतो, तसा नाही. तो येतच नव्हता. मी तळवा ठेवला. शेडमध्ये सकाळचा गारवा होता आणि रेक्झीन कोमट होता.

“डेल, तू गाडीत झोपतोस की काय आता?”

“वेडी आहेस का? मी अजून गाठसुद्धा मारली नाही.”

ऊन आलं असेल, म्हटलं. शेडला उजवीकडे खिडकी नाही हे मला तेव्हा आठवलं नाही.

३

पुढच्या आठवड्यात डेलच्या लक्षात आलं की गाडी उजवीकडे झुकतेय.

चाकं सरळ करणाऱ्या माणसाला हे सहन होणं शक्य नाही. त्याने टेप काढली, मोजलं, मान हलवली. मागच्या चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा बसला असेल म्हणून नवा घातला. दुपारी गाडी सरळ, सकाळी पुन्हा उजवीकडे कललेली. पुढची स्प्रिंग बदलली. तेच. जमिनीला उतार आहे का बघायला पाणसळ लावली. जमीन सपाट. तो दिवसभर गाडीखाली आडवा, आणि मी शेडच्या दारात या पायावरून त्या पायावर.

“इतका काय जीव काढतोस? शेजारी कुणी बसलं की गाडी एवढी झुकतेच,” मी म्हणाले.

“पण कुणी बसलंय का?”

डेलला आपण काय विचारलं ते कळलं नाही. तो पुन्हा गाडीखाली गेला.

दोन दिवसांनी तो अंगण ओलांडून अक्षरशः धावत आला. साठीचा माणूस, पायात एकच बूट. मला ओढत घरी नेलं, टीव्हीसमोर उभं केलं. मालिकेतला एक प्रसंग त्याने थांबवून ठेवला होता. पेट्रोल पंपावर उभी कार्डिनल, मागून घेतलेली.

“बघ.”

“काय बघू?”

“मागचा बंपर बघ. जमिनीपासून बघ. डावीकडे बघ आणि मग उजवीकडे बघ.”

उजवी बाजू खाली होती. त्याने दुसरा भाग लावला, मग तिसरा. कुठे गाडी गोठ्यापुढे उभी, कुठे कोर्टापुढे. डॉक्टर बाहेर उभा राहून कुणाशी तरी बोलतोय, गाडीत कुणी नाही, आणि गाडी उजवीकडे झुकलेली. दर वेळी तेवढीच.

“इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही,” डेल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “क्लबमध्ये कुणाच्याच नाही. आणि माझी गाडी आपोआप तशी झाली. मुळात तसंच होतं, ट्वायला.”

त्याचा आनंद खरा होता, आणि मला तो बघवेना. आपल्या माणसाला इतकं सुखात पाहून आपल्याला पळून जावंसं वाटावं, ही फार वाईट गोष्ट आहे.

४

क्लबचा अध्यक्ष रॉइस टिलमन मेळाव्याआधी गाडी तपासायला आला. ढेरपोट्या, प्रेमळ माणूस, अंगात तोच प्रश्नवाला शर्ट, हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी.

“मिस ट्वायला, तुमच्या सीटची कीर्ती ऐकून आलोय.”

“मग हात पुसून बसा. शेंगांचं पाणी रेक्झीनला चालत नाही.”

तो गाडीभोवती फिरला, वाकला, गुडघे मोडत उठला. उजवीकडचा झुकाव पाहून त्याने शीळ घातली. डेलने त्याला मालिकेतली ती सगळी चित्रं दाखवली आणि रॉइसने डोक्यावरची टोपी काढली.

“डेलबर्ट, शंभर गाड्या तपासल्या मी. ही नक्कल नाही राहिली बाबा.” मग उजव्या खिडकीतून आत डोकावून म्हणाला, “गाठपण फक्कड जमलीये. डावखुरी मारलीस, अगदी मुळातल्यासारखी. मी कधीपासून सगळ्यांना सांगतोय, ती गाठ डावखुऱ्या माणसाची आहे.”

डेलने माझ्याकडे पाहिलं. “तू मारलीस?”

“मी कशाला मारू? मला तुझ्यासारखं सरपटता येतं का?”

“थट्टा पुरे. मी आठवडाभर उजवं दार न बांधताच ठेवलंय, रंग वाळायला.”

“गाठ कोण मारतं?” रॉइस स्वतःच्या छातीवरची अक्षरं ठोकत म्हणाला, आणि दोघंही पोट धरधरून हसले. मीही हसले. न हसून काय करणार? मी डावखुरी नाही, डेल नाही, आणि शेडची किल्ली आम्हा दोघांकडेच.

ते दोघे कॉफीला घरात गेले. मी दाराच्या आतल्या पट्टीची शिवण पुरी करायला मागे राहिले. दुपारची वेळ होती, पत्रा तापून टकटक वाजत होता. मी चालकाच्या बाजूला गुडघ्यावर बसून दोरा ओवत होते. तेवढ्यात गाडीत चर्रर्र आवाज झाला.

आमच्याकडे उन्हाळ्यात वाढलेल्या कुणालाही हा आवाज ओळखता येतो. उघड्या मांड्या तापलेल्या रेक्झीनला चिकटतात आणि माणूस जरा सरकला की कातडी सुटते, तो आवाज. मग स्प्रिंगांनी श्वास सोडला, गाडी माझ्या बाजूला किंचित आली आणि पुन्हा तिकडे गेली. कुणीतरी अवघडून बसलं होतं आणि त्याने कूस बदलली.

मी सुई तिथेच टाकून बाहेर आले. वर मान करून आत बघायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी पाहिलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी मी स्वतःला चार शब्द सुनावले. ट्वायला, तू सीट शिवणारी बाई आहेस. दोष असेल तर सीटमध्ये असेल. सांगाडा कुठेतरी वाकला असेल, वजन एका बाजूला जात असेल. डेल सामान आणायला शहरात गेला होता. मी दोरी सोडली. गाठ इतकी घट्ट होती की नख तुटलं. सीटचे बोल्ट काढले आणि सीट उचलली.

ती हलकी होती. मी शिवली तेवढीच. एका हाताने काखेत मारून मी ती माझ्या ओसरीवर नेली आणि झोपाळ्याशेजारी ठेवली. गाडीत एक साधी जुनी सीट बसवली. मागे येऊन पाहिलं, तर गाडी सरळ.

मला इतकं हलकं वाटलं की मी टोमॅटोचं सँडविच केलं आणि चक्क पायरीवर बसून खाल्लं. अधूनमधून सीटकडे बघत होते. उन्हात तिचा खळगा भरून येत होता. फोम वर येत येत पार टणक झाला, मी हातावेगळी केली होती त्या दिवशीसारखा. म्हणजे सीटमध्ये काही नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते सीटचं नव्हतं, हे माझ्या डोक्यात यायला सँडविचचा शेवटचा घास उजाडला.

मी शेडकडे गेले. गाडी उजवीकडे झुकली होती. जुन्या सीटवर खळगा होता. दोरी हँडलमधून आत आली होती आणि खांबाला गाठ होती.

डेल परत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या ओसरीवरची सीट उचलली, नेऊन जागच्या जागी बसवली, आणि मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, “मी उडी मारलेली तुला नको आहे. एवढंच सरळ म्हण ना.”

६

“नको आहे,” मी म्हणाले. “सरळ म्हणते.”

आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात होतो. तो बिस्किटांवर, म्हणजे आमच्याकडच्या मऊ पावांवर, ग्रेव्ही ओतून बसला होता आणि खात नव्हता. मी खिडकी ते फ्रिज, फ्रिज ते खिडकी करत होते.

“बस जरा.”

“नाही बसवत. डेल, ती गाडी हवेत कलंडेल.”

उडीचं गणित त्याने मला पूर्वी समजावलं होतं. इंजिनाच्या वजनाने हवेत गाडीचं नाक खाली जातं, म्हणून डिकीत वाळूची पोती टाकतात. आता उजवी बाजू जड, म्हणून त्याने जादा पोती डावीकडे टाकून तोल साधला होता. तो स्वतः डावीकडे बसणार, तोही त्यात धरला होता. कागदावर सगळं बरोबर होतं.

“उजवीकडे नेमकं काय आहे म्हणून तू तोल साधलास?” मी विचारलं.

“जे आहे ते.”

“आणि ते ऐन वेळी उठलं तर?”

त्याचा हात काट्यावर थांबला. पहिल्यांदाच मला दिसलं की हा विचार त्याच्याही मनात येऊन गेला होता. उजवीकडचं वजन नाहीसं झालं तर डावीकडची पोती गाडीला हवेत फिरवणार आणि गाडी टपावर पडणार. टपाखाली डेलचं डोकं.

“ट्वायला, मी जन्मभर लोकांची चाकं सरळ केली,” तो हळू म्हणाला. “ते गाडी घेऊन निघून जायचे आणि मी पुढची गाडी घ्यायचो. मला एकदा उडायचंय. एकदाच. नाहीतर मी या खुर्चीत बसून बसून मरेन.”

माझा भाऊ लहानपणी शुक्रवारी टीव्हीसमोर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा, तेव्हाचा त्याचा चेहरा तसाच्या तसा होता. मी हरले.

“मग मी उजवीकडे बसते,” मी म्हणाले.

“काय?”

“माझं वजन तरी खरं आहे. ते ऐन वेळी उठून जाणार नाही. आणि एका सीटवर दोघं बसत नाहीत.”

तो खूप वेळ नाही म्हणत राहिला. मी म्हटलं, मी नाही तर तूही नाही, मी माझा पिकअप ट्रक आडवा लावेन. शेवटी आम्ही शेडमध्ये गेलो. मी चालकाच्या बाजूने चढले, सरपटत उजवीकडे गेले आणि बसले. डेल टेप घेऊन मागे गेला. त्याने दोनदा टेप लावली.

“ट्वायला, बसलीस का?”

“बसलेय की.”

“पूर्ण बस.”

“पूर्णच बसलेय.”

तो खिडकीशी आला. तोंडावर हसू होतं, पण ते नीट बसलेलं नव्हतं. “गाडी एक सूतभरसुद्धा खाली आली नाही. तुला काही वजनच नाही की काय?”

७

मेळावा जत्रेच्या मैदानावर भरला. दोन्ही बाजूंना कार्डिनलच कार्डिनल, सगळ्या लाल, सगळ्यांची उजवी दारं दोरीने बांधलेली. तळणीचा वास, शेंगांच्या कढया, गोड चहाचे पिंप. प्रश्नवाले शर्ट घातलेली माणसं आमच्या गाडीमागे रांग लावून झुकाव बघत होती आणि डेलच्या पाठीवर थाप मारत होती.

मातीचा चढ रचला होता. पुढे गवताच्या गासड्या, पलीकडे उतार. डेलने मला हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, आणि आमच्या घराण्यात कुणी करत नाही ते केलं. माझ्या गालाची पापी घेतली.

“गाठ बघ,” तो म्हणाला.

गाठ मारलेली होती. मी मारली नव्हती आणि त्यानेही नाही, आणि आता आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो.

मी बसले. हेल्मेट टपाला टेकलं. ही सीट मी शिवली आहे. माझ्या उंचीची बाई तिच्यात किती आत जाईल आणि डोक्यावर किती जागा उरेल, हे मला झोपेत विचारा. हेल्मेट घालूनही मूठभर जागा उरायला हवी होती. मी जिथे बसले होते तिथे फोम नव्हता. फोम माझ्या खाली कुठेतरी होता, आणि मधे काहीतरी होतं, मऊ आणि कोमट, जे माझ्या वजनाने जरासं दबलं आणि मग स्थिर झालं.

मी दाराकडे झेपावणार होते. डावीकडे डेल होता. दोन्ही हात स्टीअरिंगवर, जबडा घट्ट, आणि डोळ्यांत ते शुक्रवारचं पोर. मी उतरले तर तो थांबणार नव्हता. मी खांबाची दोरी मुठीत धरली आणि बसून राहिले. जन्मात पहिल्यांदा मी हलले नाही.

रॉइसने झेंडा खाली केला.

आवाज आठवतो तो चढाच्या टोकापर्यंतच. मग चाकं सुटली आणि सगळं गप्प झालं. गाडीतली धूळ तळावरून सुटून वर आली, शेंगेचं एक टरफल माझ्या डोळ्यांसमोरून तरंगत गेलं. माझं अंग सीटवरून सुटून पट्ट्यात आलं. आणि माझ्या खालून, खूप स्पष्ट, चर्रर्र आवाज झाला. मी जाड जीन्स घातली होती.

ते उठत होतं. मला कळलं, आता गाडी फिरणार. डाव्या बाजूने ओढ घेतलीही होती, क्षितिज तिरकं झालं होतं.

“बस,” मी म्हणाले. मोठ्याने नाही, जसं डेलला लहानपणी म्हणायची तसं. “बस, बस. मी आहे.”

मागून दोन हात आले आणि माझ्या पोटाभोवती आवळले गेले. मी खाली पाहिलं. माझे दोन्ही हात दोरीवर होते. पोटावरच्या हातांची बोटं एकमेकांत अडकवलेली होती, डावा हात वर, आणि बोटांच्या पेरांवर दोरीने कापल्याचे जुने वळ होते. एवढंच मी पाहिलं, कारण मग मी डोळे मिटले. ते हात मला धरून ठेवत नव्हते, ते माझा आधार घेत होते. घाबरलेलं कुणी धरतं तसं त्यांनी मला धरलं होतं. मला भीती वाटली, आणि त्याच वेळी, देवाशपथ, मला त्याची दया आली.

गाडी ताटासारखी सपाट उतरली.

८

माणसं धावत आली. डेल रडत होता, हसत होता, स्टीअरिंगवर डोकं आपटत होता. मी गाठ सोडली आणि उजवं दार उघडून बाहेर आले. रॉइस म्हणाला की कार्डिनलच्या त्या दारातून उतरलेलं कुणी त्याने आजवर पाहिलं नव्हतं, पडद्यावरही नाही.

नंतर डेल गाडीमागे उभा राहून डोकं खाजवत होता. गाडी आता डावीकडे कलली होती, वाळूच्या पोत्यांच्या वजनाने. पोती काढली तशी ती सरळ झाली आणि सरळच राहिली. आजतागायत सरळ आहे. डेल जरा खट्टू झाला. क्लबने गुण कापले. पण तो उडला होता, आणि उडून आलेला माणूस फार दिवस खट्टू राहत नाही. सकाळी शेडमधून त्याची शीळ ऐकू येते.

मला आता बसवतं. गावात त्याचंच आश्चर्य चाललंय. प्रवचन संपेपर्यंत मी बाकावर बसून असते. लोक मला टोकाकडून आत सरकायला सांगत नाहीत, आपणहून शेजारी थोडी जागा सोडून बसतात. का सोडली, हे त्यांना विचारलं तर सांगता येणार नाही. संध्याकाळी ओसरीवरच्या झोपाळ्याच्या एका कडेला मी बसते आणि झोपाळा समतोल असतो.

फक्त डेलच्या शेडमध्ये मी जात नाही. कॉफी अंगणातच पिते. त्याने दोनदा विचारलं, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

काल किराणा आणायला निघाले होते. ट्रक सुरू केला, तेवढ्यात डेल मागून आला आणि कमरेवर हात ठेवून थांबला. जन्मभराची सवय, बघितल्यावाचून राहवत नाही.

“ट्वायला, तुझी उजवी बाजू खाली बसलीये. काय भरलंयस?”

“काही नाही.”

“पाटा गेला असेल. शेडमध्ये घे, पाच मिनिटांत बघतो.” तो उजव्या दाराकडे वळला. हँडलला हात घालणार एवढ्यात थबकला. “आणि ही दोरी कशाला बांधलीस?”

मी गिअर टाकला. शेजारी रेक्झीन हलकेच चर्रर्र वाजला. माझ्या बाजूला कुणीतरी किंचित जवळ सरकलं होतं.

“हात काढ डेल,” मी म्हणाले. “मुळात तसंच आहे.”